ऑफिसमधली चॅट कोर्टात पुरावा ठरते का?

मी महाडजवळच्या वीरचा. आमच्याकडे वडापावचे पैसेही आता क्यूआर कोड स्कॅन करून देतात. अशा पेमेंटच्या धंद्यावरून खटला उभा राहिला, की कोर्ट व्यवहारांच्या नोंदींसोबत कर्मचाऱ्यांचे आपसातले ईमेल आणि चॅटही बघतं. सप्टेंबर 2024 मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने डेबिट कार्डांच्या बाजारातल्या मक्तेदारीवरून व्हिसावर दावा लावला. त्या तक्रारीत कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांतलीच वाक्यं दिली आहेत. व्हिसाने आरोप फेटाळले.

आपल्याकडे काय नियम आहे? 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 लागू आहे. चॅटची प्रिंट किंवा पेनड्राइव्हवरची कॉपी द्यायची, तर सोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात: एक पुरावा देणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहितात. हा फाइलच्या बोटाचा ठसाच समजा. एक अक्षर बदललं तरी तो बदलतो.

जालन्याच्या निवडणूक खटल्यात सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये, जुन्या कायद्याखाली, हेच स्पष्ट केलं होतं: मालकाने मूळ फोन किंवा लॅपटॉप स्वतः हजर केला तर प्रमाणपत्र नको, कॉपीला मात्र हवंच.

म्हणून कामावर पैशांवरून वाद झाला, तर नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. मूळ चॅट डिलीट करू नका, फोन फॉरमॅट करू नका, आपोआप गायब होणारे मेसेज बंद ठेवा. आणि ग्रुपवर काही लिहिण्याआधी विचार करा, उद्या ते न्यायाधीशही वाचू शकतात.