बॉब मार्लीनं धरलेले ते दोन हात

रिक्षाच्या मागच्या काचेवर, बुलेटच्या टाकीवर, हणजुणेच्या बाजारात टांगलेल्या टी-शर्टवर हा माणूस तुम्ही नक्की पाहिलाय. जटा, धूर आणि हसरा चेहरा. कॉलेजात असताना माझ्याकडेही तो टी-शर्ट होता. गाणी दोनच माहीत होती, तीही अर्धी. हा माणूस स्वतःच्या घरात गोळ्या खाऊन दोन दिवसांनी स्टेजवर उभा राहिला होता, हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली.

मध्यंतरी, २०२४ साली, त्याच्यावर सिनेमा आला. बरा आहे. पण माझ्या मते खरी गोष्ट सिनेमा जिथं थांबतो तिथून पुढे सुरू होते, आणि ती गाण्यापेक्षा राजकारणाची जास्त आहे. म्हणून ही जरा लांबलचक पोस्ट.

मार्लीचा जन्म ६ फेब्रुवारी १९४५ चा. जमैकातलं नाइन माइल नावाचं डोंगरातलं खेडं. आई काळी, अठराएकोणीस वर्षांची. बाप गोरा, साठीच्या आसपासचा, आणि घरात जवळपास नसलेलाच. पुढे आई त्याला घेऊन राजधानी किंग्स्टनला आली आणि ट्रेंचटाउनच्या वस्तीत राहिली. तिथंच पीटर टॉश भेटला, बनी वेलर तर नाइन माइलपासूनच ओळखीचा होता. १९६३ च्या सुमारास ‘वेलर्स’ हा ग्रुप झाला.

आता त्या वस्त्यांचं राजकारण समजून घ्या, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. जमैकात दोन पक्ष. मायकेल मॅनलीचा पीएनपी, समाजवादी. एडवर्ड सिआगाचा जेएलपी, नावात ‘लेबर’ असूनही उजवीकडे झुकलेला. सत्तेत असताना सिआगानं जुनी झोपडपट्टी पाडून टिव्होली गार्डन्स ही वसाहत उभी केली आणि घरं दिली आपल्याच पक्षाच्या माणसांना. पीएनपीनंही आपल्या वेळी आपल्या वसाहती बांधल्या. घर, नोकरी, कंत्राट सगळं पक्ष बघून. म्हणजे निवडणूक हरणं म्हणजे नुसती सत्ता जाणं नाही, डोक्यावरचं छप्पर जाणं. मग पोरांच्या हातात बंदुका आल्या. हे वाचताना कुणाला ओळखीचं वाटलं तर तो माझा दोष नाही.

गंमत म्हणजे दोन्ही नेत्यांना संगीताची ताकद पक्की माहीत होती. सिआगा राजकारणात स्थिरावण्याआधी रेकॉर्ड काढण्याच्या धंद्यात होता. मॅनलीनं १९७२ च्या प्रचारात गायकांचा ताफाच गावोगाव फिरवला, मार्लीही त्यात होता. मॅनली सभांना एक काठी घेऊन जायचा आणि ती इथिओपियाचा सम्राट हेले सेलासीनं दिलीय असं सांगायचा. रास्ताफारी लोक सेलासीला देव मानतात. काठी उंच केली की भाषणाची गरजच नाही!

डिसेंबर १९७६. देशात आणीबाणी (हो, त्या वेळी आपल्याकडेही चालूच होती). वातावरण निवळावं म्हणून मार्लीनं सरकारच्या सहकार्यानं ‘स्माइल जमैका’ ही फुकट मैफल ठरवली. पक्षाची नाही, सगळ्यांसाठी. मैफल ५ तारखेची. ती जाहीर झाल्यावर मॅनलीनं निवडणूक लावली, १५ डिसेंबरला. झालं! शांततेची मैफल एका रात्रीत प्रचारसभा ठरली.

३ डिसेंबरला संध्याकाळी ५६, होप रोड या त्याच्या घरात बंदूकधारी घुसले. मार्लीच्या छातीला चाटून गोळी दंडात गेली. बायको रिटाच्या डोक्याला गोळी लागली, मॅनेजर डॉन टेलरच्या अंगात तर अनेक. नशिबानं सगळे वाचले. कोर्टात कुणावरही खटला उभा राहिला नाही. दोन दिवसांनी मार्ली स्टेजवर गेला, दीडेक तास गायला, शेवटी शर्ट उघडून जखमा दाखवल्या आणि देश सोडून गेला. निवडणुकीत मॅनलीला ६० पैकी ४७ जागा मिळाल्या.

१९७८ च्या जानेवारीत दोन्ही बाजूंच्या टोळ्यांच्या म्होरक्यांनीच तह केला. क्लॉडी मासोप जेएलपीचा, बकी मार्शल पीएनपीचा. त्यांनी मार्लीला लंडनहून परत बोलावलं. २२ एप्रिलला नॅशनल स्टेडियमवर ‘वन लव्ह’ शांतता मैफल झाली. गाता गाता त्यानं मॅनली आणि सिआगाला स्टेजवर बोलावलं आणि दोघांचे हात स्वतःच्या डोक्यावर एकत्र धरले. तो फोटो जगभर गेला.

पण त्याच स्टेजवर आधी पीटर टॉश येऊन गेला होता. त्यानं समोर बसलेल्या पुढाऱ्यांना तोंडावर झापलं, तेही गांजा ओढत. (गांजा हा शब्द तिकडे आपल्याकडूनच गेला, १८४५ पासून उसाच्या मळ्यांवर नेलेल्या भारतीय मजुरांबरोबर.) न्याय नसेल तर ही शांतता कसली, असा त्याचा सूर. काही महिन्यांतच पोलिसांनी त्याला पकडून मरेस्तोवर मारलं. फोटो मार्लीचा राहिला, टॉशचं भाषण फारसं कुणाला आठवत नाही. मला विचाराल तर त्या रात्री टॉश जास्त खरं बोलत होता.

कारण पुढे काय झालं? मासोपला १९७९ मध्ये पोलिसांनी गोळ्या घातल्या. मार्शल १९८० मध्ये न्यूयॉर्कात मारला गेला. १९८० हे निवडणुकीचं वर्ष, त्यात आठशेहून जास्त माणसं मेली. सिआगा ५१ जागा घेऊन पंतप्रधान झाला.

म्हणजे मार्ली भाबडा होता का? मला तसं वाटत नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये झिम्बाब्वे स्वतंत्र झाला. सोहळ्याला प्रिन्स चार्ल्स होते, आपल्या इंदिरा गांधी होत्या. मार्लीनं पदरच्या पैशानं सगळं साउंडचं सामान विमानानं नेलं. बाहेर राहिलेली गर्दी आत घुसू लागली, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, ग्रुपला स्टेज सोडावं लागलं. थोड्या वेळानं ते परत आले आणि गायले. ज्यांना आत येता आलं नाही त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा गायले. ज्या लोकांनी जंगलात लढताना त्याची गाणी ऐकली होती, त्यांचं देणं त्यानं फेडलं.

तेव्हा कॅन्सर अंगात होताच. १९७७ मध्ये पायाच्या अंगठ्यात निघाला होता, अंगठा कापायला त्यानं नकार दिला. ११ मे १९८१ ला मायामीत गेला. वय ३६. मृत्युपत्र केलं नव्हतं, त्यामुळे वारसांची भांडणं वर्षानुवर्षं चालली.

सरकारी इतमामात अंत्यसंस्कार झाले. श्रद्धांजलीचं भाषण पंतप्रधान सिआगानं केलं. मग त्याला नाइन माइलला नेऊन पुरलं.

टॉशबद्दल एकदा सविस्तर लिहायचंय. तोही १९८७ मध्ये स्वतःच्या घरात गोळ्या लागूनच गेला. तोवर त्याचा ‘इक्वल राइट्स’ अल्बम ऐकून ठेवा.