एकाच घराण्यातले तीन शब्द

माणसांसारखी शब्दांचीही घराणी असतात. लॅटिनमध्ये युद्धाला 'बेलम' म्हणत. त्याला 'रि' म्हणजे 'पुन्हा' जोडून इंग्रजीतला 'रिबेल' आला. जिंकलेल्यांनी पुन्हा हत्यार उचलले की रोमन लोक त्यांना असे म्हणत. अर्थात, नाव ठेवणारा जेता! 'बेलिजरंट'ही याच घरातला. त्याचा अर्थ युद्धातला रीतसर पक्ष.

या दोन भावंडांतला फरक १८६१ साली अमेरिकेतल्या यादवीत दिसला. लिंकन यांच्या सरकारला दक्षिणेतली राज्ये 'रिबेल' वाटत होती. ब्रिटनने मात्र मे महिन्यात तटस्थता जाहीर करून त्यांना 'बेलिजरंट' मानले. वॉशिंग्टनमध्ये संताप उसळला. दक्षिणेच्या जहाजांवरचे खलाशी पकडून उत्तरेने त्यांच्यावर चाचेगिरीचे खटले भरले. शिक्षा फाशीची. दक्षिणेने कैदेतले अधिकारी लटकवण्याची धमकी दिली, तेव्हा १८६२ मध्ये त्या खलाशांना युद्धकैदी ठरवण्यात आले. एक शब्द बदलला आणि माने वाचल्या.

तिसरे भावंड 'अँटिबेलम', म्हणजे युद्धापूर्वीचा. दक्षिणेतल्या खांबांच्या देखण्या हवेल्यांना हे विशेषण कौतुकाने लावतात. पण १८६०च्या जनगणनेत तिथे सुमारे ४० लाख माणसे गुलाम होती. त्यांच्यासाठी तो काळ शांततेचा कसा म्हणावा? २०२० मध्ये तिथल्या एका प्रसिद्ध गायकसंचाने आपल्या नावातून हा शब्द काढून टाकला.

शब्द वापरण्याआधी तो कोणी, कोणासाठी ठेवला, एवढे तरी विचारावे.