झाडूवालीची रजा

नागपुरांत 20 जुलै 1942 रोजीं भरलेली दलित वर्ग महिला परिषद डॉ. आंबेडकरांच्या भाषणामुळें स्मरणांत आहे. अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे होत्या. मला मात्र तिचा एक रूक्षसा ठराव अधिक मोलाचा वाटतो. गिरण्या, विडी-कारखाने, रेल्वे व नगरपालिका यांत राबणाऱ्या स्त्रियांस वर्षाला 21 दिवसांची किरकोळ रजा, महिन्याची हक्काची रजा, दुखापतीची भरपाई आणि 20 वर्षांच्या नोकरीनंतर निदान 15 रुपये पेन्शन मिळावी, असें त्यांत मागितलें होतें. नगरपालिकेंतली स्त्री म्हणजे बहुधा झाडूवाली! तिचें काम आपण जातीचें मानलें, आणि जातीच्या कामास रजा कसली? ठरावानें त्यास नोकरी म्हटलें. मैल्याची टोपली तर बहुतेक बायकांच्याच डोक्यावर असे. ती उतरविण्याचा केंद्राचा कायदा 1993 सालीं झाला, आणि 2013 सालीं दुसरा करावा लागला.