वळिवड्याची पोलिश छावणी आणि हरवलेल्या आप्तांचा शोध

(१/१०) हुपरीहून कोल्हापूरच्या वाटेला लागले की कापडाच्या बाजारपेठेसाठी नावाजलेले गांधीनगर येते. याच परिसरात, वळिवड्याच्या माळावर, १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले. मग त्यांच्या घरचे पुरुष कोठे होते? या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी कित्येकांची हयात गेली. आजचा थ्रेड त्या शोधाविषयी.

(२/१०) १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत संघाने पूर्वेकडून पोलंडवर आक्रमण केले. फेब्रुवारी १९४० ते जून १९४१ या काळात पूर्व पोलंडमधील कुटुंबेच्या कुटुंबे चार खेपांत मालगाड्यांत कोंबून सायबेरिया, कझाकस्तान आणि अर्खांगेल्स्कच्या जंगलांत धाडण्यात आली. सोव्हिएत कागदपत्रांनुसार ही संख्या सुमारे ३ लाख २० हजार भरते.

(३/१०) ही ताटातूट केवळ युद्धाच्या धांदलीत झाली नव्हती. सैन्याधिकारी आणि पोलीस आधीच अटकेत होते. त्यांच्या कुटुंबांच्या याद्या करून एप्रिल १९४० मध्ये बायकामुलांना कझाकस्तानात हलवले गेले. त्याच सुमारास कातिनचे जंगल आणि अन्य ठिकाणी सुमारे २२ हजार कैद्यांना गोळ्या घालण्यात आल्या. घरी येणारी पत्रे थांबली; कारण कोणी सांगितले नाही. मॉस्कोने या हत्याकांडाची जबाबदारी मान्य केली ती १३ एप्रिल १९९० रोजी, म्हणजे तब्बल पन्नास वर्षांनी.

(४/१०) जून १९४१ मध्ये हिटलरने सोव्हिएत संघावरच हल्ला केला आणि चित्र पालटले. पोलिश कैद्यांना 'माफी' मिळाली. गुन्हा नसताना माफी! जनरल आंदर्स यांच्या नेतृत्वाखाली पोलिश सैन्य उभे राहिले. १९४२ मध्ये सुमारे १ लाख १५ हजार लोक इराणमध्ये उतरले, त्यांपैकी सुमारे ३७ हजार नागरिक होते. आपले लेकरू तरी वाचावे म्हणून काही मातांनी आपली मुले सैन्यासोबतच्या अनाथाश्रमांच्या स्वाधीन केली. ही मुले कागदोपत्री अनाथ ठरली. आई मात्र मागे कोठेतरी जिवंत होती.

(५/१०) यांतील काही मुलांना १९४२ मध्ये जामनगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे आश्रय दिला. त्यानंतर कोल्हापूर संस्थानात वळिवड्याची मोठी छावणी उभी राहिली. तेथे शाळा, प्रार्थनामंदिर, रंगमंच, स्काउट पथके असे एक छोटेसे पोलंडच वसले. आंदर्स यांच्या सैन्यात गेलेले पती, पिते आणि भाऊ दूर इटलीत, माँटे कॅसिनोच्या रणांगणावर (मे १९४४) लढत होते.

(६/१०) सैन्यातील माणसाचा ठावठिकाणा निदान लागू शकत असे. पण सोव्हिएत भूमीत मागे राहिलेल्यांचे काय? त्या काळी आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या छापील अर्जावरून युद्धरेषेपलीकडच्या आप्तांना फक्त २५ शब्दांचा निरोप पाठवता येई. असे सुमारे २ कोटी ४० लाख निरोप जिनिव्हामार्फत गेले. मात्र सोव्हिएत संघाने युद्धकैद्यांविषयीच्या १९२९ च्या करारावर सही केली नव्हती आणि रेडक्रॉसशी त्याचे सहकार्य जवळपास नव्हतेच. निरोपांच्या वाटेतील सर्वांत मोठी भिंत तीच होती.

(७/१०) असा शोध जगाला नवा नव्हता. १९१५ च्या नरसंहारानंतर विखुरलेले अर्मेनियन आपल्या वृत्तपत्रांत आप्तांच्या शोधाच्या जाहिराती देत असत. हरवलेल्या माणसाचे नाव, वडिलांचे नाव, गाव. पोलिश शोधकांची अडचण अशी की हेच तपशील दगा देत. रशियन दप्तरात 'यान'चा 'इव्हान' होई. नवरा '-स्की', तर बायको '-स्का'. आणि गाव? ते तर देशच बदलून बसले होते.

(८/१०) फेब्रुवारी १९४५ च्या याल्टा परिषदेत पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे राहील, असे ठरले. वळिवड्यातील अनेकांचे घर आता पोलंडमध्ये उरलेच नाही. तो मुलूख आज युक्रेन, बेलारूस आणि लिथुआनियात आहे. काही मायदेशी परतले. पोलिश सैनिकांची कुटुंबे १९४७ च्या ब्रिटिश पुनर्वसन कायद्याच्या आधाराने इंग्लंडला गेली. काहींनी ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका गाठली. अशा रीतीने छावणीत जुळलेली माणसेही पुन्हा पांगली.

(९/१०) पुढे या मुलांनीच 'भारतातील पोलिश' अशी संघटना बांधली, एकमेकांना शोधले आणि १९४२ ते १९४८ च्या आठवणींचा ग्रंथ सिद्ध केला. पोलंडमध्ये सोव्हिएत दडपशाहीला बळी पडलेल्यांची नावनिशीवार सूची तयार झाली. कोल्हापुरात पोलिश दफनभूमी आहे आणि महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ. ज्याचा शोध संपत नाही, त्याच्यासाठी थडग्यावरचे एक नाव हाही पुरावा असतो; दुःखद खरा, पण निश्चित.

(१०/१०) पोलिश निघून जात असतानाच फाळणीत सर्वस्व गमावलेले सिंधी निर्वासित याच जागी आले आणि छावणीचे गांधीनगर झाले. एकाच माळाने दोन खंडांतील निर्वासितांना छप्पर दिले. हुपरी, वळिवडे, उचगावच्या पंचक्रोशीत हे दिवस बालपणी पाहिलेले कोणी आजी-आजोबा अजूनही असतील. वाचकहो, त्यांच्यापाशी बसा, विचारा आणि लिहून ठेवा. त्यांना आठवणारे एखादे नाव आजही कोणीतरी शोधत असेल.