पकडशक्ती

पकडशक्ती : मूठ आवळताना हाताने लावता येणारे कमाल बल. प्रौढांच्या एकूण स्नायुबळाचा निदर्शक म्हणून ते मोजतात.

मापनाचे साधन बलमापक (डायनॅमोमीटर). मुठीचे अंतर बदलता येणाऱ्या बलमापकाचे वर्णन बेख्टोल यांनी १९५४ मध्ये केले. चाचणीच्या वेळी व्यक्ती खुर्चीत बसते. दंड अंगालगत, कोपर काटकोनात. मूठ काही सेकंद पूर्ण जोराने आवळायची, असे सहसा प्रत्येक हाताने तीनदा. बहुधा सर्वांत मोठा आकडा ग्राह्य धरतात. युरोपीय निकषानुसार (२०१८) पुरुषांत २७ किग्रॅ. व स्त्रियांत १६ किग्रॅ.पेक्षा कमी, तर आशियाई निकषानुसार (२०१९) २८ व १८ किग्रॅ.पेक्षा कमी पकड क्षीण समजतात (→ सार्कोपेनिया).

भारतासह १७ देशांतील सुमारे १,४०,००० प्रौढांच्या ‘प्युअर’ पाहणीत (२०१५) पकड दर ५ किग्रॅ.ने कमी असता मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी अधिक आढळला. हा सहसंबंध आहे, कार्यकारणभाव नव्हे.

स्नायूंच्या ओढीने हाडावर ताण येतो व त्यानुसार हाड घडत राहते; क्षीण पकड असलेल्या वृद्धांत अस्थिभंग अधिक आढळतात (→ अस्थिसुषिरता). मात्र केवळ मूठ आवळण्याच्या व्यायामाने कणा वा खुबा बळकट होत नाही. ऑस्ट्रेलियातील ‘लिफ्टमोर’ चाचणीत (२०१८) अस्थिघनता कमी असलेल्या, रजोनिवृत्त १०१ स्त्रियांपैकी एका गटाने देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी ३० मिनिटे, जड वजने उचलली. आठ महिन्यांनी त्यांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता २·९ टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटात ती १·२ टक्क्यांनी घटली (→ व्यायाम).