अमात्यांचं दारूकोठार आणि आपली पडवी

तळेरे फाट्यावरून एक रस्ता विजयदुर्गाकडे जातो, दुसरा वैभववाडीवरून करूळ घाट चढून गगनबावड्याला. बावडा ही रामचंद्रपंत अमात्यांची जहागीर. १७१५-१६ च्या सुमारास त्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त किल्ल्यावर दारू (प्यायची नव्हे, बंदुकीची!) कशी ठेवावी ते बारकाईने सांगितलंय.

दारूखाना घराजवळ नको, घराच्या वाऱ्याखाली नको. सदरेपासून लांब, भोवती कुसू, खाली तळघर, त्यात माच आणि माचावर मडकी. ओल लागू द्यायची नाही. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन माल बाहेर काढायचा, उन्हं दाखवायची, पुन्हा मोहोर करायची. पहारा रात्रंदिवस. परवानगीशिवाय कोणी फिरकायचं नाही.

एवढी धास्ती कशाला? फाट्याच्या दुसऱ्या टोकाला उत्तर आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गावर इंग्रजांच्या माऱ्यात एका जहाजाने पेट घेतला, आणि तुळाजी आंग्र्यांचं आरमार काही तासांत जळालं.

आता आपल्या घरात या. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आपल्याकडे नवी नाही. काडतुसाची बंदूक उघडून काडतूस काढता येतं. ठासणीत दारू नि छर्रे नळीच्या तोंडातून ठासलेले. रिकामी करायची तर बार काढणं हाच सोपा उपाय. मग रात्री डुक्कर आलाच नाही तर? भरलेली बंदूक तशीच पडवीत खुंटीला. केप काढली की झालं, असं म्हणतात. ती काढायची राहते तेव्हा मला बातमी लिहावी लागते. ‘बंदूक साफ करताना चुकून बार उडाला’ हे वाक्य मी किती वेळा टाईप केलंय!

जुनी माणसं केप वेगळ्या डबीत ठेवायची आणि मळ्यात पोचल्यावर, सगळ्यात शेवटी चढवायची. विडी पेटलेली असताना दारूला हात नाही. ठासताना नळीच्या तोंडासमोर डोकं नाही.

पावसाळ्यात दारू सर्दावते, ही अडचण अमात्यांचीही होती. त्यांनी ऊन सांगितलं. आपण डबा चुलीवरच्या फळीवर ठेवतो. मी स्वतः पाहिलाय, शेजारी काड्यापेटी होती.

निवडणूक लागली की बंदुका ठाण्यात जमा करायला लावतात, नंबर तपासतात. दारूचा डबा कुठे आहे, हे कोणी विचारल्याचं मी तरी ऐकलं नाही. घरात बंदूक असेल तर आज तेवढं बघून घ्या.