इंडोनेशियातील बंडखोर गिटार

२० फेब्रुवारी २०२५ रोजी इंडोनेशियातल्या एका पंक बँडने एक व्हिडिओ प्रसिद्ध केला. बँडचं नाव 'सुकातानी'. मध्य जावातल्या पुरबालिंगा इथली ही दोघांची जोडी नेहमी मुखवटे घालून गाते, शेतकऱ्यांच्या बाजूने बोलते आणि कार्यक्रमात श्रोत्यांना ताज्या भाज्या वाटते. त्या दिवशी मात्र दोघांचे चेहरे उघडे होते. पोलिसांच्या लाचखोरीवरचं 'बायार बायार बायार' (पैसे भरा, पैसे भरा) हे गाणं मागे घेत असल्याचं सांगून त्यांनी पोलीस दलाची माफी मागितली. गायिका शाळेत शिक्षिका होती. तिची नोकरीही गेली.

आपल्याकडे इंडोनेशियाची आठवण ठराविक कारणांसाठी काढली जाते. कुणाला तिथलं रामायण आणि एकेकाळी नोटेवर असलेला गणपती सांगायचा असतो, तर कुणाला जगातली सर्वांत मोठी मुस्लिम लोकसंख्या. त्या लोकसंख्येतली तरुण मुलं काय गातात, हे मात्र आपण विचारत नाही. या देशातल्या रॉकचा साठ वर्षांचा इतिहास पाहिला, तर मुस्लिम समाज आणि संगीत यांविषयीच्या बऱ्याच ठाम समजुती ढिल्या पडतात.

सुरुवात सुकार्णोंपासून करू. वसाहतवादाशी झुंजलेल्या या नेत्याला पाश्चात्त्य संगीत हा सांस्कृतिक साम्राज्यवाद वाटे. रॉक अँड रोलची त्यांनी 'ङाक-ङिक-ङोक' अशी टिंगल केली. १९५९ मध्ये सरकारी रेडिओवरून ते संगीत हद्दपार झालं. तूबान गावच्या भावांचा 'कुस बर्सौदारा' हा बँड तेव्हा लोकप्रिय होत होता. जून १९६५ मध्ये जकार्तातल्या एका घरगुती मेजवानीत त्यांनी बीटल्सचं गाणं वाजवलं आणि २९ जूनला त्यांना अटक झाली. तीन महिने ग्लोडोक तुरुंगात काढून ते २९ सप्टेंबरला सुटले. दुसऱ्याच रात्री लष्करी उठावाचा प्रयत्न झाला, त्यापाठोपाठ लाखोंची कत्तल झाली आणि सुहार्तोंची राजवट आली. भावांनी तुरुंगावर गाणी रचली. १९६७ मध्ये ती रेकॉर्डवर आली. इथे आक्षेप धर्माचा नव्हता, राष्ट्राभिमानाचा होता.

सुहार्तोंनी पाश्चात्त्य संगीताची दारं उघडली. सुराबायाच्या मुलींचा 'दारा पुस्पिता' बँड १९६८ नंतर युरोपात कार्यक्रम करत फिरला. वाद्यंही त्याच वाजवत. पण याच काळात सरकारची नजर एका वेगळ्याच गायकावर गेली. रोमा इरामा यांनी डीप पर्पलसारखी कडक गिटार आणि दांगदुत यांची सांगड घातली. दांगदुत हे नाव तबल्यासारख्या तालवाद्याच्या बोलावरून पडलं आणि त्याच्या चालींत मलय व अरबी सुरांबरोबर मुंबईच्या हिंदी चित्रपटांची गाणी मुरलेली आहेत. म्हणजे आपल्या स्टुडिओंत घडलेलं संगीत जावाच्या वस्त्यांत पोचून तिथलं झालं होतं. रोमांनी त्यातून दारू, जुगार, विषमता यांविरुद्ध उघड इस्लामी उपदेश केला. १९७७ च्या निवडणुकीत त्यांनी विरोधी इस्लामी पक्षाचा प्रचार केला आणि सरकारी दूरदर्शनने सुमारे अकरा वर्षं त्यांना दूर ठेवलं. इथे गाणारा धर्मनिष्ठ होता आणि तोंड बंद करणारं सरकार स्वतःला आधुनिक म्हणवत होतं.

नव्वदच्या दशकात पंक आलं. कॅसेटच्या नकला, झेरॉक्स केलेली छोटी मासिकं, हाताने छापलेले शर्ट अशा साधनांनी ते जकार्ता-बांडुंगच्या तरुणांत पसरलं. जकार्ताच्या 'मार्जिनाल' बँडने लष्करशाही आणि भ्रष्टाचारावर गाणी केली. त्यांच्या 'तारिंग बाबी' या सामूहिक घरात मुलांना लाकडी ठशांची छपाई शिकवली जाई. मे १९९८ मध्ये सुहार्तो गेले.

तरीही १० डिसेंबर २०११ रोजी आचे प्रांतात, बांदा आचे इथे पंकचा कार्यक्रम पोलिसांनी उधळला. तो अनाथ मुलांसाठी निधी जमवायला भरवला होता, असं आयोजकांचं म्हणणं होतं. साठाहून अधिक तरुण पकडले गेले. मुलांची डोकी भादरली, मुलींचे केस कापले, सर्वांना पाण्यात उतरवलं आणि दहा दिवस 'सुधारणा' चालली. गुन्हा कुणावरही दाखल झाला नाही. कारण सांगितलं गेलं शरियतचं.

संगीत जायज की नाजायज, हा वाद आपल्याकडे शतकानुशतकं आहे. इब्न हज्म यांनी वाद्यांना परवानगी दिली, इमाम ग़ज़ालींनी 'समाअ'वर स्वतंत्र प्रकरण लिहून अटी सांगितल्या, अनेक फकीहांनी विरोधही केला. हे मतभेद पुस्तकांत आहेत आणि ते सन्मानाने मांडता येतात. पण विनागुन्हा पोरांची डोकी भादरणं हा कोणत्या मतभेदाचा निकाल? तिथे धर्माचं नाव होतं, हात पोलिसांचा होता.

पश्चिम जावातल्या गारुतच्या तीन मुलींनी याला वेगळं उत्तर दिलं. इस्लामी शाळेत शिकणाऱ्या मार्स्या, विदी आणि सिती यांनी २०१४ मध्ये 'व्हॉइस ऑफ बाचेप्रोत' हा मेटल बँड काढला. सुंडानी भाषेत बाचेप्रोत म्हणजे गोंगाट करणारं. त्यांना धमक्या आल्या, पण हिजाब आणि गिटार दोन्ही त्यांनी सोडलं नाही. २०२४ मध्ये ग्लास्टनबरी महोत्सवात गाणारा तो पहिला इंडोनेशियन बँड ठरला. हिजाब घालणारी मुलगी दबलेलीच असणार, असं मानणाऱ्यांनाही त्यांनी तितकंच अडचणीत आणलं.

आता पुन्हा सुकातानीकडे. माफीचा व्हिडिओ आल्यावर मागे घेतलेलं गाणं रस्त्यावरच्या निदर्शनांत घुमू लागलं. मग पोलीसप्रमुखांनी या जोडीला चक्क पोलीस दलाचे सदिच्छादूत होण्याचं निमंत्रण दिलं. त्यांनी ते नाकारलं.

साठ वर्षांत कारणं बदलली: कधी राष्ट्र, कधी विकास, कधी शरियत, कधी वर्दीची इज्जत. म्हणून एखादं गाणं बंद पडतं, तेव्हा 'धर्म काय म्हणतो' हे विचारण्याआधी ते गाणं कुणाबद्दल होतं, हे विचारावं. सुकातानीचं गाणं ऐकताना भाषा कळणार नाही. पण लाच कशी मागतात, हे आपल्याला शिकवावं लागत नाही.